अंगातला ट्रॉमा राहिला, खात्यातले 64,500 गेले

आधी आकडा लिहून टाकते: 64,500. अंगात साठलेला ट्रॉमा, म्हणजे जुना मानसिक आघात, योगाने आणि श्वासाने बाहेर काढून देते म्हणणाऱ्या एका कोचबाईंना दिले. पहिलं सत्र फुकट, तीन दिवसांचं शिबिर 7,500, ‘लेव्हल टू’ 18,000, सहा वैयक्तिक सत्रं 24,000 आणि शेवटी स्वतःच ‘हीलर’ व्हायचं प्रमाणपत्र 15,000. हो, तेही घेतलं. हसा.

पण अपघातानंतर दोन महिने रोज पहाटे तीनला छाती धडधडून जाग येत होती. अशा वेळी माणूस काहीही धरतो. आणि योगाने फरक पडतो हे थोतांड नाहीच. 2014 मध्ये आघातावर संशोधन करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) असलेल्या 64 स्त्रियांवर अभ्यास केला. दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग. शेवटी योग करणाऱ्यांपैकी 52 टक्के जणी निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या, योग न करणाऱ्या दुसऱ्या गटातल्या 21 टक्के. कोचबाईंनी हेच आकडे पडद्यावर दाखवले. तिथे योग हा पूरक उपचार होता, गोळ्या-समुपदेशनाच्या जागी नव्हता, हे मात्र गाळलं. ते मी वाचलं पैसे गेल्यावर.

शिबिराचा दुसरा दिवस आठवला की अजून कान तापतात. अर्धा तास भराभर श्वास घ्यायला लावला. ओठ बधिर, हाताची बोटं आखडून आत वळलेली. ‘बघा, साठलेला आघात बोटांतून बाहेर पडतोय!’ मी हमसून हमसून रडले. अहो, असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या येतात, बोटं वळतात. कुणाचीही! बारावी सायन्स आहे मी. शिवाय हॉलमध्ये निम्म्या लोकांची बोटं तशीच वळलेली. सगळ्यांचा आघात एकाच मिनिटाला, एकाच वाटेने? शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, ‘माझ्या आयुष्यात तर असं काही घडलंच नाही.’ उत्तर आलं, ‘मग मागच्या जन्मातलं.’ आणि मी मान डोलावली.

पुढे कोचबाई ‘डॉक्टरांच्या गोळ्या भावना दाबतात, सोडा’ म्हणाल्या. मी एका रात्रीत बंद केल्या. आठवडाभर भोवळ, झोप नाही. त्याला म्हणे ‘हीलिंग क्रायसिस’, बरं होण्याआधी वाढणारा त्रास, म्हणजे आणखी सहा सत्रं. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायला सांगणाऱ्यासमोरून तिथल्या तिथे उठा. न विचारता अंगाला हात लावून आसन ‘दुरुस्त’ करणाऱ्यासमोरूनही. आघात झालेल्या माणसाला आधी विचारतात, थांबायची मुभा देतात.

आता तक्रारीचं. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलीस चौकीत, ‘धमकी दिली का? नाही ना? मग स्वखुशीने दिलेत.’ दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्या खेपेला अर्जाचा नमुना चुकीचा, आणि तो नमुना देणारा हाच माणूस! ग्राहक तक्रारीसाठी पावत्या काढल्या तर चारही पावत्यांवर ‘ऐच्छिक देणगी’. म्हणजे मी ग्राहकच नाही म्हणे. पैसे भरायच्या आधी पावतीचा मजकूर मागून वाचा, मी चार वेळा वाचला नाही.

चौथ्या खेपेला पुरावा म्हणून प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. हवालदारांनी उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘मॅडम, मग कंबरदुखीवर तुम्ही काही करता का?’