पोटाची चरबी, गुडघ्याची कूर्चा आणि माझे २ लाख ३५ हजार

गुडघ्याची वाटी बदलायचं ऑपरेशन टाळण्यासाठी माणूस कुठे कुठे जातो ते सांगायला नको. मी गेलो नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये. नाव लिहीत नाही, वकिलांनी थांबवलंय. पोटाची चरबी काढायची, यंत्रात फिरवायची, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, लगेच गुडघ्यात सोडायच्या, की झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, भरून येते म्हणे. बुकिंगचे २५,०००, कार्डाने १,२०,००० आणि ‘किट’चे ९०,००० रोख. रोखीची पावती मागितली तर, “काका, मग जीएसटी लागेल!”

खरी मेख संमतीपत्रात होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘अभ्यासाच्या हेतूने’. अहो, अभ्यास आहे तर पैसे कसले? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की असे प्रयोग फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पण मी उपाशीपोटी, गाऊन घालून स्ट्रेचरवर. पेन हातात कोंबलेलं. कोण वाचणार? सातपूरच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी तपासणीत काढलेला माणूस मी, रिपोर्टशिवाय नट पुढे सोडला नाही. इथे ‘पाच कोटी पेशी’ सोडल्या म्हणाले, मोजणीचा कागद आजतागायत नाही.

थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तक्रार केली तर नवा एक्स-रे दाखवला, “बघा, हाडांमधली गॅप वाढली.” पहिला उभं करून काढलेला, दुसरा झोपवून! झोपल्यावर गुडघ्यावर भार नसतो, गॅप जास्त दिसणारच. एक्स-रे नेहमी उभ्यानेच काढून घ्या.

पोलीस म्हणाले, हा वैद्यकीय विषय. औषध प्रशासनवाल्यांनी विचारलं, औषध कुठलं? चरबी तर तुमचीच. डॉक्टरांच्या कौन्सिलकडे अर्ज केला, तिकडून कागदपत्रं अपुरी. कागद क्लिनिक देत नाही म्हणून तर तक्रार आहे ना! सगळे खुर्चीत बसून एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तिकडे बोर्डावरचे दिवे रोज लागतात.

चाचणी म्हणाले तर सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि घरी जाऊन स्वतः तपासा. ‘आजच भरा, डिस्काउंट’ म्हणाले की उठा. संमतीपत्राची प्रत आदल्या दिवशी मागून घ्या.

ग्राहक आयोगात गेलोय. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षांची. पुरावा १,४५,००० चाच आहे. ‘किट’च्या रोखीचा मेसेज कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर उडवू नका, मला कळवा.