गार्मिन फोररनर ५५: नाडीचा आकडा कधी खरा मानायचा?

धावणाऱ्यांसाठीचं हे घड्याळ: वजन ३७ ग्रॅम, पाच बटणं, टचस्क्रीन नाही. घामेजल्या बोटांनी लॅप (फेरीची नोंद) मारायला बटणच बरं, त्यामुळे ही उणीव वाटत नाही. जीपीएस चालू ठेवून बॅटरी २० तासांपर्यंत चालते असं कंपनी सांगते; मॅरेथॉनला ते पुरून उरतं.

खरा प्रश्न नाडीचा. मनगटावरचा प्रकाश-सेन्सर संथ, एकसारख्या धावण्यात भरवशाचा आहे. ४०० मीटरच्या इंटरव्हलमध्ये (मध्ये विश्रांती घेत मारलेल्या वेगवान फेऱ्यांत) मात्र आकडा मागे रेंगाळतो. तो वर चढेपर्यंत फेरी संपत आलेली असते. घड्याळाचा पट्टा सैल असला की सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. आरामात धावताना अचानक १७०-१८० दिसले आणि कॅडेन्सही (मिनिटाला पडणारी पावलं) तेवढाच असला, तर समजून जा! घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, न सरकेल इतकं घट्ट बांधावं. थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह घटतो, म्हणून आधी १० मिनिटं हळू धावावं. इंटरव्हलसाठी नाडी मोजणारा छातीचा पट्टाच जोडावा, पॅड ओले करून.

झोनही, म्हणजे नाडीनुसार ठरलेले मेहनतीचे टप्पे, तपासा. मूळ सेटिंग कमाल नाडी २२० वजा वय धरतं. त्यात १०-१२ ठोक्यांची चूक सहज निघते आणि ‘सोपी’ धाव सोपी राहत नाही.

जीपीएसचा हिरवा संकेत येण्याआधी स्टार्ट दाबू नये. क्षणाक्षणाचा पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) उड्या मारतो, पडद्यावर लॅप पेस, म्हणजे त्या फेरीची सरासरी, ठेवावा. हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर नाही, घाटात धावणाऱ्यांनी दुसरं मॉडेल बघावं.