दोन कानांचा कप: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

माझ्या सासूबाईंना आमवात आहे. मूठ पूर्ण वळत नाही, आणि नाशिकच्या थंडीत सकाळी बोटं मोकळी व्हायलाच तास-दीड तास जातो. चहाची वेळ नेमकी तीच. म्हणून दिवाळीच्या आधी गंगापूर रोडच्या एका सर्जिकलच्या दुकानातून दोन कानांचा, झाकणाचा प्लास्टिकचा कप आणला.

घेताना जो तो "हलका बघा" म्हणतो. हलका हवाच, पण 250 मिली पाणी भरलं की पाव किलो वजन पाण्याचंच झालं. खरा फरक पडतो तो कानाने. नेहमीच्या कपाच्या कानात जेमतेम एक बोट जातं आणि सगळा भार अंगठ्याच्या चिमटीवर येतो. आईंचे दुखतात ते हेच सांधे. या कपात चारही बोटं आत जातात. आई मूठ न वळवता नुसते पंजे सरकवतात आणि कप दोन्ही हातांवर तोलून उचलतात. त्यामुळे ज्यांना वापरायचाय त्यांनाच दुकानात न्या, फोटोवरून हे कळत नाही.

चोचीच्या झाकणातून गरम चहा मुळीच देऊ नका. उघड्या कपातला चहा वाफेवरून, ओठांवरून कळतो. चोचीतून तो थेट जिभेवर येतो. आम्ही चहा झाकण काढून, अर्धाच कप देतो. पाणी आणि ताक चोचीतून.

अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होत असेल, तर चोच आपल्या मनाने घेऊच नका. मान मागे जाते आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. नाकाच्या बाजूला खाच असलेला कप मिळतो, त्यातून मान खाली ठेवून पिता येतं. तोही स्पीच थेरपिस्टला (बोलण्यासोबत गिळण्याचा त्रासही तेच बघतात) विचारूनच.

तक्रार एकच, पण रोजची. झाकणाच्या रबरी रिंगेखाली ताकाचा थर बसतो आणि वास धरतो. रिंग रोज काढून बारीक ब्रशने घासावी लागते, आणि आता ती सैल पडून कडेने गळायला लागली आहे. कंपनीकडे सुटी रिंग मिळत नाही. एवढी किंमत घेऊन हे पटत नाही.

सुरुवातीला आई म्हणाल्या, "हा तर बाळाचा कप, पाहुण्यांसमोर नको." मी आग्रह केला नाही. आता पाहुण्यांसमोरही त्याच कपाने पितात. पूर्वी कुणाला हाक मारावी लागते म्हणून दुपारभर पाणीच टाळायच्या. आता कप उशाजवळ भरून ठेवला की स्वतः पितात, आणि या उन्हात मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दुसरा कप घ्यायचाच आहे, फक्त सुटी रिंग मिळते का ते आधी विचारून.