पार्लरमधली लढाई घरच्या टीव्हीवर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

व्हिडिओ गेम पार्लरमधले लढाईचे खेळ घरच्या यंत्रांवर कसे उतरले, याची ही तुलना. तिच्यात कोणती यंत्रं आहेत ते आधी सांगतो. निंटेंडोचा जपानी सुपर फॅमिकॉम, सेगाच्या मेगा ड्राइव्हचं दुसरं मॉडेल, सेगाचाच जपानी सॅटर्न आणि त्यात खोचायची ४ एमबी रॅमची कॅसेट, पहिला प्लेस्टेशन, आणि अलीकडचे निंटेंडो स्विच व पीसी. टीव्ही दोन आहेत, एक जुना ट्यूबवाला आणि एक ४के एलईडी.

पोर्टचं, म्हणजे पार्लरमधल्या आर्केड यंत्राचा खेळ घरच्या यंत्रासाठी नव्याने बसवलेल्या आवृत्तीचं, परीक्षण बहुधा चित्रावरून होतं. दोन फोटो शेजारी ठेवायचे, कुणाचे रंग जास्त ते बघायचं, झालं. काही महिने खेळल्यावर हा निकष मागे पडतो. चित्राची सवय आठवडाभरात होते, उशिरा लागणाऱ्या बटणाची कधीच होत नाही. म्हणून इथे प्रत्येक पोर्टला तीनच प्रश्न विचारले आहेत. कमांड (दिशा आणि बटणांचा ठरलेला क्रम) वेळेवर लागते का? समोरच्यापासूनच्या अंतराचा अंदाज आर्केडसारखा येतो का? आणि मेमरी कमी पडली तेव्हा कात्री कशावर चालवली?

स्ट्रीट फायटर २

कॅपकॉमच्या सीपीएस-१ या आर्केड बोर्डावर १९९१ साली हा खेळ आला, तेव्हा नुसत्या चित्रांसाठी ६ एमबी रॉम (खेळ साठवणारी कायमची मेमरी) होती. १९९२ ची सुपर फॅमिकॉमची कॅसेट १६ मेगाबिटची, म्हणजे चित्रं, आवाज आणि प्रोग्राम मिळून २ एमबी. हे गणित डोक्यात ठेवून खेळलं की या पोर्टबद्दल आदर वाटतो. आर्केडचं चित्र ३८४ × २२४ पिक्सेलचं, इथे आडवे पिक्सेल २५६ च. टीव्हीवर दोन्ही ४:३ मध्येच पसरतात, त्यामुळे लढवय्ये कमी पिक्सेलांत नव्याने बसवावे लागले. पिंपं फोडायचा बोनस राउंड गेला, त्याच्या जागी विटा आल्या. पण रयूचा हाडोकेन (फेकलेला गोळा) बघून उडी कधी मारायची आणि उडून आलेल्याला केनचा शोर्युकेन (उसळून मारलेला ठोसा) कुठे गाठतो, हे हिशेब शाबूत राहिले. कात्री सजावटीवर चालली. पोर्ट करणाऱ्यांना खेळ कळला होता, हे यातूनच दिसतं.

अडचण आहे ती पॅडची. जड पंच पॅडच्या वरच्या कडेच्या L वर आणि जड किक तिथल्याच R वर येते. शोर्युकेनसाठी डावा अंगठा पुढे, खाली, खाली-पुढे असा फिरत असतानाच त्याच हाताच्या तर्जनीने L दाबायचं असतं. पॅड किंचित कलतो आणि बटण एक-दोन फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला साधारण ६०) मागेपुढे लागतं. ऑप्शनमध्ये जाऊन जड पंच R वर आणि जड किक L वर घ्या, कारण शोर्युकेन आणि हाडोकेन दोन्ही पंचाचे आहेत. शोर्युकेन फसण्याचं प्रमाण लगेच कमी होतं. या पहिल्या कॅसेटमध्ये दोघांना एकच लढवय्या हवा असेल तर कॅपकॉमचा लोगो दिसत असताना खाली, R, वर, L, Y, B दाबा. कोड लागला की आवाज येतो. ही आणि पुढची यांपैकी एकच कॅसेट घ्यायची असेल तर १९९३ ची २० मेगाबिटची ‘टर्बो’ घ्या. तिच्यात चारही बॉस खेळता येतात आणि वेग वाढवता येतो.

मेगा ड्राइव्हची ‘स्पेशल चॅम्पियन एडिशन’ही १९९३ चीच, २४ मेगाबिटची. तिथे एका वेळी पडद्यावर जेमतेम ६४ रंग, सुपर फॅमिकॉमवर २५६. फरक दिसतो, पण खुपत नाही. आवाज खुपतो. घशात कफ अडकल्यासारखा ‘हाडोकेन’ ऐकू येतो. या यंत्रात रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला एकच चॅनल आहे आणि त्याला आकडे पुरवणारा ध्वनी-ड्रायव्हर ढिसाळ होता. चाहत्यांनी पुढे तो ड्रायव्हर बदलून याच हार्डवेअरवर स्वच्छ आवाज काढून दाखवला, म्हणजे दोष यंत्राचा नव्हता.

तरीही या आठ महिन्यांत हाताला सगळ्यात जास्त मानवला तो याच यंत्राचा सहा बटणांचा पॅड. तीन पंच वर, तीन किक खाली, सगळं उजव्या अंगठ्याखाली. डाव्या हाताला फक्त दिशा द्यायची. जुन्या तीन बटणांच्या पॅडवर स्टार्ट दाबून पंच आणि किक यांची अदलाबदल करावी लागते. तो पॅड असेल तर ही कॅसेट घेऊच नका.

समुराय शोडाउन आणि मॉर्टल कॉम्बॅट

निओ जिओ या आर्केड यंत्रावर समुराय शोडाउनमध्ये दोघे लांब गेले की कॅमेरा मागे सरकतो आणि जवळ आले की पुढे येतो, कारण ते हार्डवेअर स्प्राइट (लढवय्यांची हलती चित्रं) लहान करू शकतं. सुपर फॅमिकॉम आणि मेगा ड्राइव्ह दोघांनाही ते जमत नाही. सुपर फॅमिकॉमच्या पोर्टने कॅमेरा कायम मागे ठेवला. लढवय्ये बुटके दिसतात, पण सगळे आहेत. मेगा ड्राइव्हने कॅमेरा कायम जवळ ठेवला, लढवय्ये भरदार दिसले, पण अर्थक्वेक हा लढवय्या गाळला आणि लांब उभं राहून चाल खेळायला जागाच उरली नाही. तलवारीच्या खेळात अंतर म्हणजे प्राण. चित्र कितीही भरदार असो, आमच्या लेखी इथे सुपर फॅमिकॉमचा पोर्ट वरचा.

मॉर्टल कॉम्बॅट घरगुती यंत्रांवर १३ सप्टेंबर १९९३ ला आला. निंटेंडोवर रक्ताच्या जागी राखाडी घाम, सेगावर A, B, A, C, A, B, B दाबलं की रक्त परत. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. खेळताना जास्त जाणवतं ते हे, की मेगा ड्राइव्हवर कमांड चटकन लागते आणि सुपर फॅमिकॉमवर चित्र देखणं असूनही हालचाल जड वाटते. मूळ आर्केड सेकंदाला सुमारे ५४.७ फ्रेम चालतं. आजच्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर मूळ रॉम चालवली की दर सेकंदाला पाचेक फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि पडदा आडवा सरकताना बारीक हिसके बसतात. रिफ्रेश रेट बदलू शकणारा मॉनिटर असेल तर ते जातात, नाहीतर सोसावे लागतात.

एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर

पोर्ट म्हणजे काय, हे एकाच उदाहरणात समजून घ्यायचं असेल तर हे घ्या. १९९६ चं आर्केड, सीपीएस-२ बोर्ड. खेळाचा गाभा असा की दोन लढवय्यांची जोडी घ्यायची आणि लढाई चालू असतानाच एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत आणायचं. त्यासाठी चारही जणांची चित्रं एकाच वेळी मेमरीत हवीत, कारण कोण कधी उडी घेऊन येईल ते सीडीवरून वाचत बसायला वेळच नसतो.

प्लेस्टेशनची मुख्य रॅम २ एमबी आणि चित्रांची १ एमबी. चौघे मावले नाहीत. मग कॅपकॉमने अदलाबदलच काढून टाकली. जोडीदार मदतीपुरता येतो आणि जातो. पूर्ण अदलाबदल खेळायची तर दोन्ही बाजूंना तीच जोडी घ्यावी लागते, म्हणजे मेमरीत दोघांचीच चित्रं ठेवली की भागतं. शिवाय हालचालींतल्या बऱ्याच फ्रेम गाळल्या आहेत. ठोसा कुठून निघाला ते दिसण्याआधी तो लागलेला असतो, आणि बघून अडवायची सवय असलेल्याचं ब्लॉकिंग कोलमडतं.

सॅटर्नने १९९७ मध्ये याच खेळासोबत ४ एमबीची रॅम कॅसेट दिली, फक्त जपानात. अदलाबदल आहे, फ्रेम आहेत, पॅडवर सहा बटणं ओळीत आहेत. लोडिंग आहे, पण सोसण्याइतकं. दुप्पट वेगाची सीडी सेकंदाला ३०० केबी वाचते, म्हणजे ती ४ एमबी काठोकाठ भरायची तर सरळ हिशेबाने १४ सेकंद लागतील. निओ जिओच्या सीडीवाल्या घरगुती यंत्राची ७ एमबी रॅम एकपट वेगाच्या ड्राइव्हने भरायची तर ४८ सेकंद. तिथे दोन राउंडांच्या मध्ये चहा होतो, असं लोक म्हणायचे ते का, हे या आकड्यांतून कळतं.

सॅटर्नचा कच्चा दुवा म्हणजे कॅसेटचा स्लॉट. कॅसेट नीट बसली नाही की खेळ ती ओळखतच नाही. वाकवून, दाबून बघू नका, पिना सैल होतात. वीज बंद करा, कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या आणि सरळ वरून बसवा. लहानपणची फुंकर मारायची सवय सोडा. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात.

आता जुनं यंत्र नको असेल तर २०२४ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’मध्ये हाच खेळ आर्केडच्या रूपात मिळतो. प्लेस्टेशनच्या जुन्या डिस्कमागे धावण्यात काही अर्थ नाही.

त्रिमितीतले पोर्ट थोडक्यात

व्हर्चुआ फायटर २ चा १९९५ चा सॅटर्न पोर्ट: मागचा देखावा सपाट केला, पण ६० फ्रेम आणि वरचं रिझोल्यूशन सोडलं नाही. निर्णय बरोबर होता. टेकन ३ ची गोष्ट वेगळी. त्याचा सिस्टीम १२ बोर्ड मुळातच प्लेस्टेशनच्या घडणीवरून बेतलेला, त्यामुळे १९९८ च्या पोर्टमध्ये लढाई हुबेहूब उतरली आणि कात्री देखाव्यांवरच चालली. आपल्याकडे ज्यांचा हात टेकन ३ वर घडला, तो घरच्या पोर्टवर घडला असला तरी खोटा घडलेला नाही.

आजची कलेक्शनं आणि दोन सेटिंग

स्ट्रीट फायटरच्या २०१८ च्या ३०थ ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये १२ आर्केड खेळ आहेत, ऑनलाइन त्यांतले चारच. मूळ रॉम चालत असल्यामुळे ‘काय गाळलं’ हा प्रश्न संपतो आणि ‘किती उशीर’ हा सुरू होतो.

पहिलं सेटिंग चित्राच्या आकाराचं. ३८४ × २२४ हे चौरस पिक्सेलांत दाखवलं की रयू रुंद, लठ्ठ दिसतो. ४:३ च ठेवा. १०८० ओळींच्या पडद्यावर २२४ ची चौपट म्हणजे ८९६ ओळी, आणि त्याला रुंदी हवी सुमारे ११९५. ती ३८४ च्या पूर्ण पटीत येत नाही, म्हणून चालताना उभ्या कडा किंचित लुकलुकतात. पीसीवर ४के पडदा असेल तर उभे ९ पट आणि आडवे ७ पट घ्या: २६८८ × २०१६, बरोबर ४:३, एकही पिक्सेल वेडावाकडा नाही. सीपीएस-१ आणि सीपीएस-२ दोन्हींना हेच माप चालतं.

दुसरं, टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरची प्रक्रिया कमी करून उशीर घटवणारं सेटिंग. तो बंद असेल तर बाकी सगळं व्यर्थ. उशीर मोजायचा असेल तर फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये बोट आणि पडदा एकत्र टिपा. बटण खाली गेल्यापासून लढवय्या हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. फोनच्या चार फ्रेम म्हणजे खेळाची एक, १६.७ मिलिसेकंद. एका मोजणीवर विसंबू नका, बटण फ्रेमच्या मध्ये कुठेही पडू शकतं. दहा वेळा मोजून सरासरी काढा. मग तीच मोजणी दुसऱ्या पॅडवर करा, पुष्कळदा दोषी टीव्ही नसून वायरलेस पॅड निघतो.

जुनं यंत्र पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने नव्या टीव्हीला थेट जोडलं तर बहुतेक टीव्ही त्याच्या २४० ओळींच्या सिग्नलला इंटरलेस (एका वेळी एकाआड एक ओळी पाठवणारा) समजतात. त्या प्रक्रियेत उशीर वाढतो आणि एकाआड एक फ्रेमला दिसणाऱ्या सावल्या गायब होतात किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या दिसतात. मध्ये रेट्रोटिंक हा सिग्नल बदलणारा डबा बसवा, नाहीतर ट्यूबचा टीव्ही शोधा. ट्यूबचा घेताना तो एनटीएससी, म्हणजे जपानी सिग्नलचे, रंग दाखवतो ना, हे विचारा. फक्त पाल (युरोपातली आणि आपल्याकडची पद्धत) असेल तर चित्र काळंपांढरं येतं.

जपानी यंत्र घेणाऱ्यांसाठी

जपानी यंत्रंच का? पाल यंत्रं ५० हर्ट्झवर चालतात, आणि त्यासाठी खास जुळवून न घेतलेला खेळ १७ टक्के संथ होतो, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या वेगावर शिकलेली वेळ आर्केडवर कामाची नाही.

पण जपानातली वीज १०० व्होल्टची. सॅटर्न आणि प्लेस्टेशन यांचा वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलात तर यंत्र जळतं. २३० वरून १०० वर आणणारा, १०० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर एका यंत्राला पुरून उरतो. ११० व्होल्टवाला दुकानात सहज मिळतो, पण १०० चाच मागा. सुपर फॅमिकॉमचा ॲडॉप्टर बाहेर आहे, १० व्होल्ट डीसी, मध्यभागी ऋण. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेललाही मध्यभागी ऋण लागतं, दुसऱ्याला मात्र मध्यभागी धन. एकाचा ॲडॉप्टर दुसऱ्याला खटपटीने बसवू नका.

सॅटर्न दर वेळी तारीख विचारू लागला की मागच्या झाकणाखालचा सीआर२०३२ सेल संपला आहे. यंत्र चालू ठेवूनच सेल बदला, म्हणजे आतले सेव्ह टिकतात.

आणि लीव्हर घेणार असाल तर: सान्वा जेएलएफ या लीव्हरला मूळचं चौकोनी गेट (लीव्हर ज्या चौकटीत फिरतो ती) असतं. चौकोनात कोपरे हाताला सापडतात, म्हणून शोर्युकेनच्या खाली-पुढेला ते बरं पडतं. अष्टकोनी गेटवर गोल फिरवणं मऊ लागतं, लीव्हर गोल फिरवावा लागणारा झँगिएफ खेळणाऱ्यांनी ते बसवावं. बटणं ३० मिलिमीटरची सहा आणि स्टार्टसाठी २४ ची. स्विचसोबत येणाऱ्या जॉय-कॉनवर दिशांची चार सुटी बटणं आहेत. तिरपी दिशा त्यांवर निसटते, आणि हाडोकेनऐवजी नुसताच पंच निघतो.