दहा मीटर एअर पिस्तुलासाठी छर्रे : हॉबी, माइस्टरकुगेल्न आणि फिनाले मॅच

रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरणाऱ्या परदेशी नेमबाजांना घोड्याची स्प्रिंग हलकी असताना कोणती टोपी (काडतुसाच्या बुडाशी असलेली, आघाताने पेटून बारूद पेटवणारी) खात्रीने पेटेल याची चिंता असते. आपल्या एअर पिस्तुलात छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो, टोपी नाही आणि बारूदही नाही, त्यामुळे दारूगोळा म्हणून निवडायचे ते फक्त शिशाचे छर्रे. ठाण्यात आणि नवी मुंबईत माझ्या ओळखीचे नेमबाज प्रामुख्याने तीन डब्यांमधून निवड करतात : आरडब्ल्यूएसचे हॉबी, त्याच कंपनीचे माइस्टरकुगेल्न आणि एच अँड एनचे फिनाले मॅच. तिन्ही जर्मन बनावटीचे, चपट्या तोंडाचे आणि कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणारे आहेत. हॉबी आणि पिस्तुलाचे माइस्टरकुगेल्न ०.४५ ग्रॅम वजनाचे असतात, तर पिस्तुलाचे फिनाले मॅच ०.४९ ग्रॅमचे.

डबा निवडण्याआधी एक हिशेब मांडून पाहावा. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो आणि छर्ऱ्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे ४.५ मिमी छर्ऱ्याचे केंद्र मध्यापासून ८ मिमीपर्यंत सरकले तरी दहा कायम राहतो. एअर रायफलचा दहा मात्र अवघा ०.५ मिमीचा ठिपका असल्याने तिथे हीच मोकळीक २.५ मिमी उरते. छर्रे तोलून, निवडून, एकेक वेगळा ठेवण्याची काटेकोर पद्धत मुळात रायफलवाल्यांची आहे (न्यू पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब चालवणाऱ्या सुमा शिरूर याही रायफलच्याच), आणि पिस्तूलवाल्यांनी ती गरज न तपासता उचलली, असे माझे मत आहे. पाच गोळ्यांचा गट हाताने मारताना तीन-चार सेंटिमीटर पसरत असेल, तर महागड्या डब्याने तो आवळणार नाही. त्या पसरण्यात छर्ऱ्याचा वाटा नगण्य असतो, बाकीचे सगळे मनगटाचे आणि ट्रिगरवरच्या बोटाचे काम.

म्हणून सरावासाठी माझी पसंती हॉबीला आहे. स्पर्धेत ६० गोळ्या मोजल्या जातात, रोजचा सराव तेवढाच धरला तरी ५०० छर्ऱ्यांचा डबा आठ-नऊ दिवसांत संपतो, आणि मॅच दर्जाच्या, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या, डब्यावर हा खर्च वर्षभर करणे बहुतेकांना परवडत नाही. हॉबीत एखादा वाकलेला किंवा स्कर्टला (मागच्या पोकळ घेराला) पोचे पडलेला छर्रा निघतो हे खरे. काचेवर घरंगळवला की असा छर्रा अडखळत जातो आणि लगेच ओळखू येतो, तो बाजूला टाकावा. नावाशिवाय मिळणारे स्वस्त डबे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही, कारण त्यांत शिशाची भुकटी फार असते आणि एक छर्रा नळीत सैल बसतो तर पुढचा अंगठ्याने रेटावा लागतो.

स्पर्धेसाठी माइस्टरकुगेल्न आणि फिनाले मॅच हे दोन्ही पर्याय चांगले आहेत, आणि या दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद मला निरर्थक वाटतो, कारण निर्णय नळीने द्यायचा असतो. हे दोन्ही छर्रे ४.४९ आणि ४.५० मिमी अशा डोक्याच्या (पुढच्या भागाच्या व्यासाच्या) मापांत मिळतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक कागदावर हास्यास्पद दिसला, तरी पिस्तूल पकडीत घट्ट बसवून एकेका मापाचे पाच-पाच छर्रे अनेकदा मारले की एक माप जवळजवळ एकाच भोकातून जाते आणि दुसरे त्या भोकाची कड फाडत राहते. माझ्या पिस्तुलाने ४.४९ मिमीचे फिनाले मॅच स्वीकारले, तर शेजारच्या लेनवरच्या मित्राचे त्याच मॉडेलचे पिस्तूल ४.५० मिमीच्या माइस्टरकुगेल्नवर खूश आहे. म्हणून दुसऱ्याच्या शिफारशीवर एकदम दहा डबे घेऊ नयेत. आधी दोन्ही मापांचा एकेक डबा घेऊन पाहावा, आणि एखादा जुळला की त्याचा लॉट क्रमांक (एकत्र बनलेल्या खेपेचा क्रमांक) टिपून त्याच लॉटचे डबे चार-पाच जणांनी मिळून मागवावेत, कारण पुढचा लॉट वेगळ्या साच्यातून आलेला असू शकतो. दुकानदार लॉट क्रमांक सांगायला कंटाळत असेल, तर दुकान बदलावे. आरडब्ल्यूएसचे त्याहून महाग आर-१० छर्रे दिसायला देखणे असतात. राज्य स्पर्धेच्या पलीकडे गेलेल्यांनी ते जरूर तपासावेत, इतरांनी तेच पैसे सरावाच्या डब्यांवर घालावेत.

खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात उघड्या डब्यातील शिशावर पांढरट थर धरतो. सिलिका जेलची पुडी घातलेल्या हवाबंद डब्यात छर्रे ठेवले की तो धरत नाही. थर धरलेले छर्रे नळीत घालू नयेत. शिसे विषारी असल्यामुळे रेंजवरून निघताना हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवावेत, छर्रे तोंडात धरण्याची जुन्या लोकांची सवय तर मुलांना अजिबात लागू देऊ नये, आणि रेंजच्या टेबलावर वडापाव उघडू नये.