कोलेस्टेरॉलची गोळी पंचाहत्तरीनंतर: चालू ठेवायची की थांबवायची?

आमच्या घरात एकच गोळी दोघं जण घेत होते. आई, वय ८२, आणि तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, वय ७७. दिवाळीत मामा आला तेव्हा जेवणानंतर आई त्याला म्हणाली, "ही कोलेस्टेरॉलची गोळी आता या वयात कशाला? मी तर बंदच करणार आहे." मामा लगेच म्हणाला, "मग ताई, मीही करतो." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गोळी एक असली तरी दोघांचं उत्तर एक असणं शक्यच नव्हतं.

मामाला २०१६ मध्ये हार्ट अटॅक आला होता आणि त्याला स्टेंट बसवलेला आहे. आईला हृदयाचा त्रास नाही, पॅरालिसिसचा झटका कधी आला नाही, मधुमेह नाही. तिच्या साठीत एका तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ निघालं आणि रोसुव्हास्टॅटिन सुरू झाली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या 'स्टॅटिन' गटातलं हे एक औषध. पुढची वीस वर्षं चिठ्ठी नुसती पुढे चालत राहिली. म्हणून वय विचारण्याआधी जुनी फाइल काढा आणि गोळी कशासाठी सुरू झाली होती ते शोधा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

एकदा झटका येऊन गेला असेल तर

इथे माझं मत पक्कं आहे: मनानं बंद करू नका. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्टॅटिनच्या २८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यातल्या १,८६,८५४ माणसांपैकी १४,४८३ जण पंचाहत्तरीच्या पुढचे होते. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके सुमारे एक पंचमांशानं कमी होतात. ज्यांना आधीच रक्तवाहिन्यांचा आजार आहे, त्यांच्यात हा फायदा म्हातारपणीही टिकलेला दिसला.

त्याआधी २००२ मध्ये प्रॉस्पर ही चाचणी खास ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ माणसांवर झाली होती. सुमारे तीन वर्षांत हृदयाचे झटके आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी घटले. मेंदूच्या झटक्यांत मात्र तेवढ्या काळात फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला मामाचं पाकीट उलटून वाचल्यावर कळली. त्याची कॅप्सूल नुसती कोलेस्टेरॉलची नव्हती, रोसुव्हास्टॅटिनबरोबर त्यात ॲस्पिरिनही होतं. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात, काहींत क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषधही असतं. म्हणजे मामानं "कोलेस्टेरॉलची गोळी" सोडली असती, तर स्टेंट असलेल्या माणसाचं रक्त पातळ ठेवणारं औषधही त्याच दिवशी सुटलं असतं, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. कृपा करून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. भिंग घ्या, फोननं फोटो काढून मोठा करा, पण वाचा.

कधीच काही झालं नसेल तर

इथे पारडं खरोखर डळमळतं. पंचाहत्तरीपुढच्या निरोगी माणसांचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञगटानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की ७६ आणि त्यापुढच्या वयात स्टॅटिन नव्यानं सुरू करावी की नाही, हे सांगायला पुरावा पुरेसा नाही.

पण नव्यानं सुरू न करणं वेगळं आणि चालू असलेली थांबवणं वेगळं. फ्रान्समध्ये ७५ वर्षांच्या, हृदयविकार नसलेल्या १,२०,१७३ माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांनी गोळी सोडली त्यांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणानं दवाखान्यात भरती व्हायची शक्यता ३३ टक्के जास्त आढळली. आकडा घाबरवणारा आहे, पण ही नोंदींवरची पाहणी आहे. जी माणसं खंगत चालली आहेत त्यांचीच औषधं बहुधा बंद होतात, त्यामुळे दोष गोळी सोडण्याचा की मुळात ढासळलेल्या प्रकृतीचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही. मी हा आकडा सावधगिरीपुरता धरते. मधुमेह, किडनीचा आजार किंवा मानेच्या रक्तवाहिनीत साचलेला थर असेल, तर मात्र पारडं गोळीकडे झुकतं.

फायद्याला वेळ लागतो, हेही धरायला हवं. ५० ते ७५ वयाच्या, आधी झटका न आलेल्या माणसांच्या आठ चाचण्यांवरून काढलेला हिशेब असा: शंभर जणांनी अडीच वर्षं गोळी घेतली, तर एकाचा झटका टळतो. पुढची पाच-दहा वर्षं समोर दिसत असतील तर हा सौदा बरा आहे. आयुष्य महिन्यांत मोजायची वेळ आली असेल तर नाही. तशा ३८१ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. स्टॅटिन थांबवलेल्यांत साठ दिवसांतले मृत्यू लक्षणीय वाढले नाहीत आणि त्यांचे दिवस थोडे जास्त बरे गेले. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या तोंडात ही गोळी कोंबू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे थांबवणं हीच सेवा आहे.

पोटऱ्या दुखतात त्याचं काय?

आईची मुख्य तक्रार हीच होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन या ब्रिटिश चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना महिन्याला एक अशा बारा बाटल्या दिल्या गेल्या: चारांत खरी गोळी, चारांत औषध नसलेली, चार रिकाम्या. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला ९० टक्के औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. याचा अर्थ दुखणं खोटं असा कुणी काढू नये. आईला जिना चढताना दुखत होतं ते दुखतच होतं, प्रश्न फक्त कारणाचा होता. थायरॉइड मंदावलं असेल किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल तरी स्नायू दुखतात. त्या तपासण्या आणि सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, आधी करून घ्या. उठताच येईनासं झालं किंवा लघवी काळपट झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसऱ्या औषधांशी गाठ पडते तिकडेही लक्ष हवं. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन चालू असताना खोकल्या-तापासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं गेलं, तर स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण चढतं. ग्रेपफ्रूटनंही तसंच होतं, म्हणून त्याच्या कुळातल्या पपनसाच्या बाबतीतही जपून राहावं. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण फारशी नाही.

शिवाय चालू किंवा बंद एवढेच दोन रस्ते नाहीत. डोस निम्मा करता येतो, स्टॅटिन बदलता येते, किंवा डॉक्टरांच्या संमतीनं सहा आठवडे थांबवून बघता येतं. त्या काळात एलडीएल मूळपदावर येतं, तेव्हा रिपोर्टमधला वाढलेला आकडा बघून दचकू नका.

आईनं हा तिसरा रस्ता घेतला. सहा आठवड्यांनी पोटऱ्या तशाच दुखत होत्या, आणि ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. ते कळल्यावरही ती म्हणाली, "दुखणं गोळीचं नव्हतं, मान्य. पण दिवसाला सात गोळ्या होतात, त्यातली एक तरी जाऊ दे." आमच्या डॉक्टरांनी तिच्याशी अर्धा तास बोलून ते मान्य केलं, आणि मलाही पटलं. मामाची कॅप्सूल चालू आहे. तिच्यात काय काय आहे ते त्यानं स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवलं आहे.