पत्र्याची पेटी, साधा कागद, शिसपेन्सिल: पाच वर्षं वापरून

शाळांना पुस्तकांची पेटी देणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेटी फुकट आली होती आणि माझ्या तक्रारी बऱ्याच आहेत. पण जून लागला की कुठल्या ना कुठल्या शाळेतून फोन येतो, "बाई, ती पुस्तकांची पेटी मागवू का?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मी शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्या पोरांना सतराचा पाढा येत नसला तरी 39 आणि 43 पाठ असतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर शाळा उघडली तर फळ्याच्या मधोमध चिखलाची रेघ होती. वरचा सुविचार शाबूत, खालचा पट धुतलेला. पेटी आली दसऱ्याच्या सुमारास: निळा रंग दिलेला पत्रा, आत 80 पुस्तकं, 40 कोऱ्या वह्या, शिसपेन्सिली आणि शिक्षकांसाठी सोळा पानांची पुस्तिका.

आधी पुस्तिकेचं सांगते, कारण पेटीतला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच. तोवर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पोरांना एकच गोष्ट सांगत होता, "पूर आला तेव्हा काय वाटलं ते लिहा." एका निबंध स्पर्धेतले 31 कागद मी तपासले. सगळ्यांत 'महापुराने हाहाकार माजवला'. हाहाकार हा शब्द आमच्या गावात एकही माणूस बोलत नाही. पोरांनी पेपरातून उचलला होता. पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: 'पूर' हा विषय देऊ नका, मूल स्वतःहून लिहील तर थांबवू नका, लिहिलेलं वर्गात वाचायला लावू नका. नंतर एका प्रशिक्षणात कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे, आपत्तीतून आलेल्या माणसाला बोलायचा आग्रह करू नये.

मग लिहायचं काय? तर याद्या. 'घरातल्या आवाज करणाऱ्या वस्तू.' 'माझ्या गल्लीत कोण कुणाला कशी हाक मारतं.' 'गोठ्यातल्यांची नावं.' मला आधी हसू आलं, याद्या म्हणजे काय लेखन झालं? पण हाहाकारवालीच पोरं यादीत घडाघडा लिहायला लागली. चौथीतल्या एका मुलीने गोठ्याच्या यादीत पाच म्हशी लिहिल्या आणि त्यातल्या दोघींच्या नावापुढे 'आता मामाकडं'. त्या मामाकडे नव्हत्या हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी खाली सही केली आणि वही परत दिली. शुद्धलेखन तपासायचं नाही असंही पुस्तिकेत होतं, ते पाळताना माझा हात फार शिवशिवायचा, खोटं कशाला सांगू.

तिसरीतला एक मुलगा तर काही लिहीतच नव्हता. ट्रक आणि जेसीबीच्या चित्रांचं एक पातळसं पुस्तक तो पुन्हा पुन्हा न्यायचा. नोंदवहीत त्याच्या नावापुढे तेच पुस्तक अकरा वेळा. मी दुसरं काही ने म्हटलं की मान हलवायचा आणि तेच घेऊन जायचा. वही कोरी. पुढच्या मार्चला करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हाही ती कोरीच घरी गेली.

आता पुस्तकांबद्दल. साधारण साठ उत्तम, बाकी भरती. काही गोष्टी शेवटच्या पानावर शहाणपण शिकवायला बसतात, पोरं ते पान सोडून देतात. एका पुस्तकात नदी म्हणजे दात विचकणारी राक्षसीण होती. आमच्याकडे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात कृष्णामाईचं पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिण दरवाजातून बाहेर पडलं की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात. ते चित्र बघून एक पोरगी म्हणाली, "बाई, माई अशी नसती." मी ते पुस्तक कपाटावर टाकलं. निवडणाऱ्यांनी नदीकाठच्या एखाद्या माणसाला आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि पत्रा! पूरपट्ट्यात पत्र्याची पेटी पाठवायची कल्पना ज्याला सुचली त्याला एक पावसाळा आमच्याकडे ठेवून घेतला पाहिजे. जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं. शाळा बंदच होती, पेटी आम्ही दोन बाकांवर चढवून ठेवली होती. उघडली तेव्हा आत घोटाभर पाणी आणि कडेला गंज. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं एकमेकांना अशी चिकटली की वीट झाली, सोडवायला गेलं तर चित्राचा थर निघून हातात येई. साध्या खरबरीत कागदाची मात्र वाचली. पानापानांत वर्तमानपत्र घालून, दर दोन तासांनी ते बदलून, पंख्याखाली दोऱ्यावर टांगली. उन्हात टाकू नका, पानं वाकतात. पोरांचं पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं राहिलं. माझी नोंदवही जेल पेनाची होती, तिचा निळा डाग झाला. कुणाकडे कुठलं पुस्तक आहे ते मग पोरांनीच आठवून सांगितलं, आणि सात सोडून सगळी परत आली.

त्याच दिवसांत मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. तो ट्रकवाला मुलगा, आता पाचवीत. कोऱ्या वहीचं पहिलं पान:

'सकाळी 7, दुसरी पायरी. 9, दुसरी पायरी आनि चार बोटं. 11, आज्जी म्हंती थांबलं. थांबलं नाही. 12, तिसरी पायरी. म्हसरं वर नेली. 2, बोट लावायला जागा नाही.'

खाली आईच्या मोबाईलवरून निरोप: बाई, आमी निघालो, वही पिशवीत हाय.

छावणीत नऊ दिवस त्याने ते चालू ठेवलं. तिथं पायऱ्या नव्हत्या, म्हणून जेवणाच्या रांगेत किती माणसं ते मोजलं. आता मोठी माणसं पाणी किती चढलं हे त्याला विचारतात असं त्याची आई सांगत होती.

तर मागवायची का? मागवा, पण तीन गोष्टी आधी बोलून घ्या. पत्र्याऐवजी घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची पेटी द्या म्हणावं. मी नंतर स्वतःच्या पैशांनी आणली, 900 रुपये पडले. चकचकीत पुस्तकं कमी, वह्या दुप्पट. आमच्या 40 पहिल्याच वर्षी संपल्या आणि नव्यांसाठी केलेल्या फोनला अजून उत्तर नाही. वाचायला कमी पडलं तर बालभारतीच्या मुलांच्या मासिकाचे जुने अंक मोफत उतरवून घेता येतात, आम्ही तेच छापून शिवले.

पाचपैकी साडेतीन. पुस्तिका एकटी विकत मिळत असती तर तिला पाच दिले असते.

मागवणार असाल तर मे महिन्यातच मागवा. जुलैत आमच्या रस्त्याला टेम्पो येत नाही.